पिवळं कुलूप

आमच्या ऑफिसात जो प्रोग्राम दिवसभर उघडा असतो, त्याच्या खिडकीच्या तळाशी एक करडी पट्टी आहे. डावीकडे ठिपका, ठिपक्याशेजारी एवढंसं कुलूप, मग दूरच्या मशिनचं नाव, आणि पार उजवीकडे आपण किती वेळ जोडलेले आहोत ते दाखवणारं घड्याळ. वरच्या काळ्या जागेत मी हुकूम लिहायचे आणि कडोदऱ्याच्या डाईंग मिलमधल्या मशिनने ते ऐकायचे. मी पर्वत पाटियाला मिलच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसते आणि कडोदऱ्याची मिल माझ्या बोटांवर चालते, असं पहिल्या वर्षी मी घरी सांगत असे. नाना, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिलेले. ते ऐकून घेत. माय विचारायची, "मग तठे माणसं कसाले ठेवेल शेतस?"

मी बीसीए आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगायला मला लाज वाटत नाही. ज्यांच्या घरात आजोबासुद्धा ग्रॅज्युएट आहेत त्यांना ते सांगावं लागत नाही, एवढाच फरक.

तर ती पट्टी. मी कामाला लागले तेव्हा आमच्या सिनियर भाईंनी मला ती अर्ध्या मिनिटात शिकवली. "लीलुं एटले चालु, लाल एटले बंध. बीजुं कशुं जोवानुं नहीं." लीलुं म्हणजे हिरवं.

"आणि कुलूप?"

"ए तो डिझाइन छे, बेन."

मला पटलं नाही. मी प्रोग्रामचं मदतीचं पुस्तक उघडून वाचलं, डिक्शनरी घेऊन वाचलं. ठिपका फक्त एवढंच सांगतो की लाइन जिवंत आहे. पलीकडे कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते कुलूप सांगतं. प्रत्येक मशिनची एक खूण असते, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. पहिल्या भेटीत आपला प्रोग्राम ती लिहून ठेवतो आणि पुढे रोज ताडून बघतो. जुळली तर कुलूप हिरवं. नाही जुळली तर कुलूप पिवळं होतं, एक चौकट समोर येते आणि विचारते की ही खूण आधीची नाही, मध्ये कुणी बसलेलं असू शकतं, पुढे जायचं का? "नाही" म्हटलं तर लाइन तुटते. "हो" म्हटलं तर नवी खूण जुनीच्या जागी बसते, कुलूप परत हिरवं होतं आणि काही घडलंच नव्हतं असं दिसायला लागतं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढे मी जे केलं ते अडाणीपणानं केलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा होता. मिलचे शेठ स्वतः आमच्या ऑफिसात आले, जे कधी होत नाही, आणि माझ्या टेबलावर कापडाचे दोन तुकडे टाकले. "आमांथी आपणो कयो, कहो."

दोन्ही तुकड्यांचा रंग एकच. जांभूळ चुरडल्यावर बोटांना लागतो तसा, पण जरा गुलाबीकडे झुकलेला. मी दोन्ही खिडकीशी नेऊन पाहिले. फरक कळेना.

"एक अमारो. बीजो बजारमां मळ्यो, बीजी मिलनो," शेठ म्हणाले. "आ शेड बनावतां अमने दोढ महिनो लाग्यो छे. घरनुं ज कोई छे."

मिलमध्ये ज्या खोलीत रंग मोजून कालवतात तिला कलर किचन म्हणतात. कुठल्या शेडला कोणता रंग किती ग्रॅम घालायचा ते तिथून येतं आणि त्या मशिनमध्ये भरून ठेवलं जातं. ते मशीन म्हणजे शेठची तिजोरी. तिजोरीची किल्ली चौघांकडे: शेठ, आमचे सिनियर, मी, आणि मिलमध्ये रोज ते आकडे भरणारे काका.

शेठनी चार बोटं मोजली, मग एक एक मिटत शेवटचं धरून ठेवलं. "बेन, तमे जुओ. जे निकळे ए बहार. एमां हुं कोईनुं नहीं सांभळुं."

काका माझे सख्खे काका नाहीत. गोडादऱ्यात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. अमळनेरकडचे, आमच्याच भागातले. मिलच्या ग्रे गोडाऊनमध्ये कोऱ्या कापडाचे ताके पाठीवरून वाहायला लागले, तिथून मोजणीवर, तिथून टेबलावर आणि मग कॉम्प्युटरवर. पन्नाशी उलटलेल्या दहावी पास माणसाला ती खुर्ची सोडली तर दुसरी खुर्ची कुठे मिळणार? पुन्हा पाठच पुढे करावी लागणार. माझं नाव या नोकरीसाठी शेठच्या कानावर घालणारेही तेच. "आमना खान्देशनी पोर शे, शिकेल शे," एवढं एकच वाक्य त्यांनी अहिराणीतच म्हटलं होतं म्हणे, आणि शेठना ते समजलं होतं.

आणि आता मला त्यांच्यावरच नजर ठेवायची होती. खरं सांगते, मला त्याचं दुःख झालं नाही. मला आधी वाटलं की शेठनी हे काम सिनियरना सोडून मला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरूनच ऑफिसचा लॅपटॉप उघडला. साडेनऊ वाजले होते. ठिपका हिरवा, कुलूप हिरवं. आत्ता या क्षणी आत कोण कोण आहे ते विचारायचा एक हुकूम असतो, तो दिला. दोन ओळी आल्या. एक माझी. दुसरी काकांची.

काका तर आखाजीसाठी गावाला गेले होते. तीन दिवस झाले होते. मी त्यांना पिशवी घेऊन जाताना पाहिलं होतं, वर बघून हात केला होता त्यांनी.

ओळीच्या शेवटी कुठून आलेत त्याचा पत्ता असतो, आकड्यांचा. मिलमधून आलं की तो मिलच्या आतला असतो. हा बाहेरचा होता. मी बघत राहिले. पाचेक मिनिटांनी ती ओळ हलली, म्हणजे तिकडे कुणीतरी खरंच टाइप करत होतं. दहाला दहा कमी असताना ती गेली. मागची नोंद काढली तर तिन्ही दिवस तेच: नऊ वाजून पाच मिनिटांनी आत, दहाला दहा कमी असताना बाहेर. चोरसुद्धा एवढा वेळ पाळत नाही, असं तेव्हा मनात यायला हवं होतं. मला उलट वाटलं. किती सराईत आहे बघा.

मग मी तो पत्ता शोधायला घेतला. तो पत्ता माझाच होता.

म्हणजे आमच्या गल्लीचा. आमच्याकडे एकच केबलवाला सगळ्या इमारतींना नेट देतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला आम्ही सगळे एकाच आकड्याने दिसतो. माझी ओळ आणि काकांची ओळ, दोन्हींपुढे तेच आकडे. शेठना हे दाखवलं तर ते पहिला प्रश्न काय विचारतील?

त्या दिवसापासून मी गल्लीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. समोरच्या इमारतीत एक जण दिवसभर लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसतो, तो काय करतो? केबलवाल्याचा माणूस परवा जिन्यातली पेटी उघडून का उभा होता? आणि काकींची खिडकी. वैशाखाचं ऊन, खाली लूमच्या खात्याची, म्हणजे कारखान्याची, खडखड आणि उकाडा. अख्खी इमारत दारं-खिडक्या उघड्या टाकून बसलेली, आणि सकाळी नऊ वाजता काकी मात्र खिडकी लावून घेतात. दहाला उघडतात. दोन दिवस मी जिन्यातून उतरताना मुद्दाम रेंगाळले. आतून पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. आत कुणाला बसवत असतील? नवरा गावाला, आणि घरात कोण?

किती वाईट विचार मी केले ते इथे लिहीत नाही. आठवी शिकलेली, दुपारी साड्यांना लेस लावणारी बाई. ती स्वतः तिथे बसलेली असेल, एवढी एक गोष्ट सोडून मी सगळं मनात आणलं.

नानांना सांगितलं. ते जेवत होते.

"काका गावाला, आणि त्यांच्या नावानं कुणीतरी मिलच्या मशिनमध्ये जातंय."

"बदली देल व्हई," नाना म्हणाले.

लूमवर ही रीत जुनी आहे. गावाला लग्न, आखाजी, कानबाईचा सण काही असलं की माणूस आपली मशीनं दुसऱ्याच्या हवाली करून जातो. भाऊ, मेहुणा, गावचा कुणीही. हजेरी मूळ माणसाच्या नावावरच पडते. शेठला फक्त लूम बंद पडायला नको असते. परत आलं की आपली जागा आपल्याला. बदली न देता गेला तर जागा गेली.

"नाना, ते लूम नाही. पासवर्ड असतो तो. कुणाला द्यायचा नसतो."

"लूम बी कोनी देवानं नसस. पन देतस."

"आणि शेड चोरीला गेलीय, ती?"

नाना हसले. "शेड चोराले कंप्युटर कसाले लागस? व्यापारी बोटभर चिंधी कापस, दुसरी मिलमा नेस, म्हनस असाच रंग दे. चिंधी पुरस."

मी म्हटलं, "तुम्हाला यातलं काही कळत नाही."

हे मी बोलले. पस्तीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

त्याच संध्याकाळी मी शेठना मेसेज केला. शब्द आठवतात, कारण नंतर मी तो पुष्कळदा उघडून वाचला. काका रजेवर असताना त्यांच्या नावाने रोज सकाळी बाहेरून कुणीतरी आत येत आहे, असं लिहिलं. बाहेरून म्हणजे कुठून, ते लिहिलं नाही. तो पत्ता माझ्याही घराचा आहे, हे लिहिलं नाही. स्वतःला वाचवायची वेळ आली तेव्हा माझी लेखणी बरोबर तिथे थांबली.

शेठचा उलटा फोन आला. "सोमवारे आवे एटले हिसाब करी नाखुं. सरस काम कर्युं, बेन."

त्या संध्याकाळी मी खूश होते. तेही लिहून टाकते.

शनिवारी ऑफिसात जाऊन प्रोग्राम उघडला आणि ती चौकट समोर आली. कुलूप पिवळं. मिलच्या मशिनची खूण बदलली आहे. मध्ये कुणी बसलेलं असू शकतं. पुढे जायचं?

एरवी वर्षातून एकदा-दोनदा येते ती. सिनियर मागून जात होते. मी म्हटलं, "भाई, हे बघा."

"यस करी नाख, बेन. आवुं तो आवे."

मी "हो" दाबलं. कुलूप हिरवं झालं. पासवर्ड टाकला, आत गेले, आणि आधी काय बघितलं असेन तर काकांची ओळ. ती नव्हती. मागची नोंद काढायला गेले तर ती कोरीच होती, जणू मशीन कालच जन्माला आलं. तरी माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरली: चोर सावध झाला. नोंदही पुसून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं. समोर इतकी मोठी खूण बदललेली, आणि मी खालच्या मजल्यावरच्या माणसाची वाट बघत होते.

दुपारी मिलमधून कलर किचनवाल्याचा फोन. आज शेडचे आकडे भरलेच नाहीत, दोन लॉट रंगायचे थांबलेत, कोण भरणार? मी म्हटलं, काका रजेवर आहेत. तो म्हणाला, "पता है, लेकिन रोज तो हो रहा था ना."

रोज होत होतं. मग त्याला ठाऊक होतं का? मी विचारलं, कोण करत होतं? त्याने फोन ठेवला. आता माझ्या यादीत तोही आला.

संध्याकाळी घरी आले तर काकी जिन्यात उभ्या होत्या. माझीच वाट बघत होत्या हे दिसत होतं. पदर हातात गुंडाळलेला.

"तू कंप्युटरवाली शे ना. जरा खाले ये. कोनले सांगू नको."

आत गेले. खिडकी लावलेली. पाटावर काकांचा जुना लॅपटॉप, शेजारी इअरफोन लावलेला मोबाइल. स्क्रीनवर तीच चौकट, जशीच्या तशी, सकाळपासून उघडी. तळाशी पिवळं कुलूप.

"सकायना नऊथीन असंच शे," काकी म्हणाल्या. "मी हात नई लावा. त्या कलर किचनवाला फोनवर आकडा सांगी ऱ्हायन्थात, मी म्हनं आज लिखाव नई. कुलूप पिवळं शे."

मी खाली बसले. "काकी, आकडे तुम्ही भरता?"

"ते गावले गयात. बदली कोन देवाव? म्हनं मीच बठनू." मग जरा घाबरून, "वंगाळ व्हयनं का काही?"

त्यांनी एक वही पुढे केली. शाळेची, चौकटींची. पहिल्या पानावर तीच करडी पट्टी काढलेली होती, पेन्सिलीने, पट्टी लावून. खाली ठिपका दोन वेळा आणि कुलूप दोन वेळा, स्केचपेनने रंगवलेलं. हिरव्या ठिपक्यापुढे लिहिलं होतं, लाइन चालू. लालपुढे, लाइन बंद, परत लाव. हिरव्या कुलपापुढे, आपलंच मशीन. पिवळ्या कुलपापुढे फक्त "थांब", आणि त्याच्याभोवती दोनदा गोल. पुढच्या पानांवर कोणत्या घरात कोणता आकडा घालायचा ते, आणि तीन रंगांची नावं इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर सुटं सुटं.

"हे कुणी शिकवलं?"

"त्यासनी. त्यासले तू सांगेल व्हतं ना. पाय मोडना तवय."

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी काकांचा पाय मोडला होता तेव्हा शेठच्याच परवानगीने मी हा प्रोग्राम त्यांच्या लॅपटॉपवर चढवला होता. पाय बरा झाल्यावर घरून काम करायचं नाही असं ठरलं, पण प्रोग्राम कुणी काढला नाही. चढवताना मी दीड तास या पट्टीवर बोलले होते. कॉलेजातून नुकतीच सुटलेली, ऐकणारा कुणी मिळाला की बोलणारी. कुलूप पिवळं झालं तर देव जरी सांगायला आला तरी हात लावू नका, मला बोलवा, असं म्हटलं होतं. काकांनी ते ऐकलं. नऊ दिवसांच्या रजेवर जाताना बायकोला जवळ बसवून तिच्याकडून वहीत काढून घेतलं. आणि बाईने सकाळपासून दोन लॉट अडवून धरले, पण "हो" दाबलं नाही.

मी मात्र ते दाबून बसले होते, आठ तासांपूर्वी.

"खिडकी का लावता काकी?"

"खालनी खडखडमा आकडा आयकू येत नई. तीनना जागे तेरा व्हई जाई."

रात्रभर मी उलटसुलट विचार केला असं म्हणणार नाही. मला भूक होती, मी जेवले, झोपले. पण सकाळी उठल्यावर कळत होतं की सोमवारच्या आत शेठकडे गेलं नाही तर काकांची खुर्ची माझ्या एका मेसेजने गेलेली असेल. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. खूण खरंच का बदलली? मी कुणाला पासवर्ड देऊन बसले असेन तर?

रविवारी शेठ मिलमध्येच असतात. रिक्षा बदलत कडोदऱ्याला पोचले. शेठ केबिनमध्ये होते, समोर चहा.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. काकांच्या नावाने त्यांची पत्नी आकडे भरत होती, घरून, बदली म्हणून. पत्ता आमच्या गल्लीचा होता आणि माझ्या घराचाही तोच आहे, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. आणि काल मशिनची खूण बदललेली दिसली तेव्हा मी न विचारता "हो" केलं. ती बाई थांबली.

शेठनी चहावरची साय चमच्याने बाजूला केली. मग विचारलं, "केटलुं भणेली छे?"

"आठवी."

"अने तमे?"

मी सांगितलं. बीसीए हा शब्द मी आयुष्यात एवढ्या हळू कधी उच्चारला नव्हता.

खूण बदलल्याचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही. "ए तो शुक्रवारे नवुं मशीन मूकाव्युं. जूनुं बहु गरम थतुं हतुं." हार्डवेअरवाल्याकडून शेठनीच ते बदलून घेतलं होतं, लाइट बंद होती त्या दुपारी. आमच्या ऑफिसला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कदाचित आदल्या दिवशी मी एवढ्यावर मानलं असतं. आता नाही. मी म्हटलं, मला खूण डोळ्यांनी बघायची आहे. शेठनी खांदे उडवले. मी मशिनच्या खोलीत जाऊन थेट त्याच्याच स्क्रीनवर ती माळ काढली आणि काकींना फोन लावला. त्यांच्या चौकटीत तीच माळ लिहिलेली होती. म्हटलं, वाचा.

"पी," काकी म्हणाल्या. "मोठा."

"बरोबर."

"सात. मंग… हाई काय, उलटा सहा का नऊ?"

"शेपटी खाली आहे का वर?"

"खाले."

"नऊ."

"के. धाकला. झेड. झेड मोठा का धाकला, ते कसं समजाव? दोन्ही सारखाच दिखतस."

"शेजारच्या अक्षरापेक्षा बुटका आहे का?"

"बुटका शे."

शेठ दारात येऊन उभे राहिले होते. हातातला चहा तसाच. त्रेचाळीस अक्षरं होती. मध्ये एकदा आम्ही चुकलो आणि पहिल्यापासून परत सुरू केलं. खालच्या खात्याची खडखड फोनमधून येत होती, कारण उकाडा सहन न होऊन काकींनी त्या दिवशी खिडकी उघडी ठेवली होती. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा मी म्हटलं, "काकी, आता हो दाबा."

"नक्की?"

"नक्की."

"हिरवं व्हयनं," त्या म्हणाल्या.

मध्ये कुणी बसलेलं नव्हतं. मशीन खरं होतं. मी काल जे दाबलं ते नशिबाने खरं निघालं, पण त्याला बरोबर म्हणता येत नाही.

परत केबिनमध्ये गेल्यावर मी चिंधीचं सांगितलं. नाना म्हणतात, व्यापारी तुकडा कापून दुसऱ्या मिलला देतो.

"ए तो मने खबर छे," शेठ म्हणाले.

"मग काका?"

"शक तो राखवो ज पडे, बेन. बधा पर." बधा, म्हणजे सगळे. ते खिडकीतून खाली अंगणात बघत होते, तिथे टेम्पोतून ताके उतरवत होते. "काढतो नथी. पण चावी बीजाने आपी ए आपी. सोमवारथी ग्रे गोडाऊन."

मी बोलायला गेले, त्यांनी हात वर केला. मग उठता उठता म्हणाले, आकडे तर कुणीतरी भरायलाच हवेत. त्या बाई भरतात तर भरू द्या, पण त्यांच्या स्वतःच्या नावाने, पगारपत्रकावर. म्हणजे काकांची नोकरी राहिली, काकांची खुर्ची गेली, आणि ती ज्यांना मिळाली त्यांना खुर्चीसुद्धा नव्हती, पाट होता.

शेड कुणी नेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

त्याच दिवशी काका दुपारच्या गाडीने आले. काकींनी फोनवर सगळं सांगितलेलंच होतं. मी खाली गेले तेव्हा ते पिशवी मोकळी करत होते. गावाहून आणलेल्या सांजोऱ्यांचा डबा, वाळवणाच्या पुड्या. मला पाहून "ये" म्हणाले नाहीत. मी दारातच उभी राहिले. काकी आतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या.

"नंबर व्हता ना तुनाकडे मना," काका म्हणाले. "माले फोन का बरं नई करा?"

याचं उत्तर मी वरून येताना तयार केलं होतं. शेठचा हुकूम होता, ऑफिसचा नियम होता. पण तोंडातून दुसरंच आलं.

"मला वाटलं, तुम्ही खोटं बोलाल."

काकांनी हातातली पुडी खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

"बोलतू बी कदाचित," ते म्हणाले.

सांजोऱ्यांचा डबा उघडून त्यांनी दोन कागदावर काढल्या, नानांसाठी म्हणून. मी हात पुढे केला नाही तेव्हा कागद उंबऱ्यावर ठेवला. मग खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बटणं शोधत विचारलं, "ग्रे गोडाऊन कितलाले उघडस आते? मी तठेथीन निंघाले बारा वर्ष व्हयनात."

मिलच्या हजेरीचं सगळं मला दिसतं.

"साताले," मी म्हणाले.

त्यांनी साडेपाचचा गजर लावला.